बेल्लांद्रींची दुसरी चूल

नॉटिंगहॅमच्या बाहेर, बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर, एका लॉर्डचं जुनं घर आहे. आता तिथे लॉर्ड राहत नाही. लोक तिकीट काढून येतात, दिवाणखाने बघतात, बागेत फिरतात, टीरूममध्ये स्कोन खातात आणि अंधार पडायच्या आत घरी जातात. सुहासिनी ताम्हनकर निवृत्त झाल्यावर तिथे व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागल्या, तेव्हा नवख्या माणसाला मिळते तीच जागा त्यांना मिळाली. मागच्या बाजूचा एक लांबलचक बोळ, आणि त्याच्या टोकाला टॉयलेट. येणारे-जाणारे दिवसभर एकच प्रश्न विचारायचे आणि सुहासिनीबाई हसतमुखाने उजवीकडे हात करायच्या.

त्या बोळाच्या भिंतीवर काळ्या चौकटींत काही जुने नकाशे टांगलेले होते. त्यांच्याकडे कुणी बघत नसे, कारण तिथे येणारा माणूस घाईत असे. सुहासिनीबाईंना मात्र घाई नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चष्मा बदलून ते नकाशे वाचायला घेतले.

ते होते इटलीतल्या जिनोआ शहरातल्या बेल्लांद्री नावाच्या सरदार घराण्याच्या पालाझ्झोंचे. पालाझ्झो म्हणजे शहराच्या वस्तीतच, रस्त्याला लागून बांधलेले राजवाडे. बेल्लांद्रींचे असे तीन होते. एक बापाचा, आणि रस्त्याच्या पलीकडे दोघा मुलांचे, एकमेकांना अगदी खेटून. लॉर्डच्या घराण्यातला कुणी एक तरुण फार पूर्वी इटलीच्या सफरीला गेला होता, त्याने हे नकाशे विकत आणले होते. तेव्हापासून ते इथे होते.

सुहासिनीबाई सांगलीच्या. बी. कॉम. झाल्या, लग्न करून इंग्लंडला आल्या आणि इथल्या एका हॉस्पिटलच्या पेरोल विभागात उभा जन्म काढला. नर्सेसच्या रात्रपाळ्या आणि डॉक्टरांचे ओव्हरटाइम यांतून त्यांची नजर अशी तयार झाली होती, की कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली दिसली की त्या आधी ती जुळते का ते बघायच्या. नकाशांचंही तेच झालं. तळमजल्याच्या आराखड्यातला जिना उभ्या छेदाच्या चित्रात नेमका त्याच जागी सापडला, की त्यांना ट्रायल बॅलन्स जुळल्याचा आनंद व्हायचा.

मग लायब्ररीतून पुस्तकं आली. जिनोआला राजा नव्हता, तिथे प्रजासत्ताक होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. राजा नाही म्हणजे राजवाडा नाही. मग परदेशी राजपुत्र, राजदूत, कार्डिनल आले की उतरवायचे कुठे? यावर सरकारने तोडगा काढला होता. सरदारांच्या उत्तम घरांची दर्जाप्रमाणे यादी करायची आणि पाहुणा आला की त्याच्या तोलाच्या घरांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल, त्याच्या घरी पाहुणा. बेल्लांद्रींच्या थोरल्या मुलाचं घर त्या यादीत बरंच वर होतं.

"म्हणजे भिशीच म्हणायची," त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या.

"भिशीत पैसे मिळतात," मिलिंदराव म्हणाले. "इथे पाहुणे मिळतायत."

त्यांची मुलगी वरदा मँचेस्टरला फिजिओथेरपिस्ट आहे. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी कानाला गोड पण व्याकरणाला सैल. ती एकदा फोनवर म्हणाली, "आई, तू रोज त्या पॅलेसचीच गोष्ट सांगते. लिटरली रोज. डिग्री कर ना त्याच्यात. यू वुड लव्ह इट."

सुहासिनीबाईंनी ते हसण्यावारी नेलं, पण मनातून नेलं नाही. सांगलीत त्यांना इतिहास घेऊन बी. ए. करायचं होतं. वडिलांनी कॉमर्सला नाव घातलं, कारण बँकेत नोकरी लागते. त्याबद्दल त्यांचा राग नव्हता. कॉमर्सने त्यांना आयुष्यभर सांभाळलं होतं. पण आता पोटापाण्याचा प्रश्न मिटल्यावर एक तरी गोष्ट स्वतः निवडून शेवटपर्यंत न्यावी, असं त्यांना फार वाटू लागलं होतं. त्या शरद ऋतूत त्यांनी विद्यापीठात कलेच्या इतिहासाच्या पार्टटाइम एम. ए.ला प्रवेश घेतला.

"साठीला टेकल्यावर परीक्षा?" मिलिंदराव म्हणाले. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातले इंजिनिअर. "मला अजून स्वप्नात थर्मोडायनॅमिक्सचा पेपर येतो. कोरा."

कोर्सचा नियम असा होता, की पहिल्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येकाने दोन परीक्षकांसमोर आपल्या विषयाचं प्रेझेंटेशन द्यायचं. ते पसंत पडलं तर पुढच्या वर्षी प्रबंध. नाही पडलं तर एक सर्टिफिकेट घ्यायचं आणि घरी जायचं. सुहासिनीबाईंना सर्टिफिकेट नको होतं. त्यांना बेल्लांद्रींवर प्रबंध लिहायचा होता.

विषयही त्यांना सापडला होता. दोघा भावांच्या घरांमध्ये जी सामाईक भिंत होती, तिच्यात पहिल्या मजल्यावर, दोन्ही मोठ्या दिवाणखान्यांच्या मध्ये, एक रुंद दार होतं. आणि नकाशात ते दार तिरप्या रेघा मारून बुजवलेलं दाखवलं होतं. दार आधी होतं आणि मग बंद केलं. का केलं, याबद्दल कुठल्याच पुस्तकात अक्षर नव्हतं.

सुहासिनीबाईंना मात्र त्यात कोडं असं काही दिसलंच नाही. बाप गेला, भावाभावांत बिनसलं, वाटण्या झाल्या, दार बुजवलं. यात विचारायचं काय?

त्यांना हे इतकं उघड वाटलं त्याला घरचं कारण होतं. मिलिंदरावांचा धाकटा भाऊ यतीन लंडनच्या कडेला पिनरला राहतो. दोघे भाऊ या देशात एकमेकांच्या आधाराने रुजले. गणपती नॉटिंगहॅमला बसायचा, कारण थोरलं घर ते, आणि यतीन-नीना दरवर्षी गाडीभर सामान घेऊन यायचे. सहा-सात वर्षांपूर्वी यतीनला कामावरून निघायला उशीर झाला आणि मिलिंदरावांनी आरती त्याच्यासाठी थांबवली नाही. यतीन आला तो भरल्या घरात म्हणाला, "दादाच्या घरी देवसुद्धा दादाच्या घड्याळावर चालतो." मिलिंदराव म्हणाले, "मग आपापला बसवा." झालं. पुढच्या वर्षी पिनरला दुसरा गणपती बसला. त्यानंतर वाढदिवसाला व्हॉट्सॲपवर केकचं चित्र, एवढंच काय ते उरलं होतं.

तेव्हा बंद दाराचा अर्थ सुहासिनीबाईंना कुणी शिकवायला नको होता. त्यांनी शीर्षक ठरवलं, 'बंद दार: बेल्लांद्री बंधूंची फारकत'. सारांश लिहिला. त्यांच्या मार्गदर्शक डॉ. फिलिपा ग्रीव्हज यांना तो इतका आवडला, की त्यांनी तो लगेच परीक्षकांकडे धाडून दिला.

मग सुहासिनीबाईंना त्यांच्या शिस्तीने गाठलं. पेरोलमध्ये त्या म्हणायच्या, एक कागद म्हणजे अफवा, दोन कागद म्हणजे नोंद. फारकतीला दुसरा पुरावा हवा. आणि तो कुठे असणार हे सांगलीच्या बाईला ठाऊक होतं. भाऊ वेगळे झाले की पहिली गोष्ट वेगळी होते ती चूल. दिवाणखान्याचं दार नंतर. म्हणजे धाकट्या बेल्लांद्रीच्या घरात नवीन स्वयंपाकघर सापडलं पाहिजे.

बोळातल्या नकाशांत स्वयंपाकघरं नव्हतीच. जिनोआतल्या अशा घरांत ती बऱ्याचदा वर, माळ्याजवळ असत आणि माळ्याचे नकाशे कोण कशाला भिंतीवर लावेल? ते लॉर्डच्या घराच्या भांडारात एका सपाट ड्रॉवरमध्ये पडले होते. तिथल्या क्युरेटरने आनंदाने काढून दिले, फोटो घेऊ दिले. पण माळ्याचा नकाशा म्हणजे रेघांचं जंगल. कुठली पोकळी जिन्याची, कुठली कपाटाची, कुठली धुराड्याची, काही केल्या कळेना. डॉ. ग्रीव्हज चित्रांच्या जाणकार, त्यांनाही खात्रीने सांगता येईना.

हे सांगू शकेल अशी एकच बाई सुहासिनीबाईंच्या ओळखीत होती. त्यांची जाऊ. नीना हॅरोतल्या एका शोरूममध्ये किचन डिझायनर होती. लोकांच्या घरांचे नकाशे वाचून त्यात ओटा, सिंक आणि चिमणी बसवणं हाच तिचा धंदा होता.

दोन दिवस त्यांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी लावला.

"नीना? सुहासवहिनी बोलतेय."

पलीकडून एकदम घाबरा आवाज, "वहिनी? काय झालं? दादा बरे आहेत ना?"

"बरे आहेत गं. टीव्हीसमोर घोरतायत. माझं तुझ्याकडे एक काम होतं. किचनचं."

"नवीन किचन करताय? अय्या, मग आधी नाही का सांगायचं! आमच्याकडे सेल चालू—"

"माझं नाही. जिनोआतलं आहे. चारशे वर्षं झाली असतील."

नीना म्हणाली, "मग वॉरंटी संपली असणार."

आणि दोघी इतक्या हसल्या, की मिलिंदरावांचं घोरणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर नीनाने ते फोटो आपल्या मोठ्या स्क्रीनवर उघडले. सुरुवातीला ती वळणावळणाने बोलत होती, मग कामात शिरली तशी शोरूममधली नीना झाली.

"ही थोरल्याची बाजू ना? हं. इथे भिंत जाड केलीय आणि ही पोकळी सरळ वर छपरापर्यंत जातेय. हे धुराडं. केवढं मोठं आहे बघा, आख्खा बैल भाजतील. हा पाण्याचा हौद. ही मोरी. किचन हंड्रेड पर्सेंट."

"आणि धाकट्याकडे?"

नीना बराच वेळ माउस फिरवत राहिली. "धाकट्याकडे फायरप्लेस आहेत. खोल्या गरम करायच्या. पण स्वयंपाकाचं धुराडं नाही. पाणी वर चढवायची सोय नाही. मोरी नाही. वहिनी, ह्या घरात चहासुद्धा होत नाही."

"नीट बघ गं."

"मी आयुष्यभर दुसरं काही बघितलेलंच नाहीये, वहिनी. आणि हे बघा ना, वर माळ्यावर दोन्ही घरांच्या मध्ये एक दार आहे. हे उघडं आहे. रेघाबिघा काही नाहीत."

सुहासिनीबाई खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे भांडलेच नव्हते?"

"भांडले असतील. भाऊ आहेत. पण जेवत एका चुलीवरचं होते." तिने माउस सोडला. "आपल्यापेक्षा बरे म्हणायचे."

मग नीनाने घाईघाईने विषय बदलला. "अजून एक. खालचं ते मेन दार बुजवलंय ना, त्याचं बुजवणं फार पातळ काढलंय. बाकीच्या भिंतीच्या चौथाईसुद्धा नाही. आम्ही शोरूममध्ये अशी भिंत टाकतो, जेव्हा पुढे ती काढायची असते तेव्हा."

रात्री जेवताना सुहासिनीबाईंनी मिलिंदरावांना सांगितलं.

"नीनाला फोन केलास?" त्यांचा घास हातातच राहिला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, दुसऱ्या घरात चूल नाही."

"ते ठीक आहे. यतीन होता का?"

"मागून विचारत होता, दादाच्या गुडघ्याचं काय झालं."

मिलिंदरावांनी आमटीत मीठ आहे की नाही ते पुन्हा एकदा चाखून बघितलं. "मग तू काय सांगितलंस?"

"तुम्हीच सांगा. तुमचा गुडघा."

प्रेझेंटेशनला आठवडा राहिला होता. सुहासिनीबाईंचं शीर्षक फारकतीचं, सारांश फारकतीचा आणि हातात आलेला पुरावा नेमका उलटा. त्या डॉ. ग्रीव्हजना भेटल्या. त्या भल्या बाई. त्यांनी कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की परीक्षकांकडे सारांश पोचलेला आहे, त्यातली मांडणी सुरेख आहे, भांडण म्हटलं की सगळ्यांना पटतं. आयत्या वेळी विषय उलटवलेला परीक्षकांना आवडत नाही, अशाने लोक नापास झालेले आहेत. तेव्हा जे पाठवलंय तेच सांगा आणि स्वयंपाकघराचा मुद्दा तळटीपेत टाका.

"तळटीपेत ती चूल मावणार नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. इंग्रजीत ते वाक्य जरा विचित्र वाटलं, पण डॉ. ग्रीव्हजना कळलं.

मिलिंदरावांचंही मत तेच पडलं. "अगं, आधी पास तर हो. ऑडिटरने विचारलं नाही ते आपण होऊन कशाला दाखवायचं?"

"तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून असं बोलता. आमच्यात याला दुसरं नाव आहे."

पण बोलणं सोपं होतं. फारकत नाही हे कळलं, तरी मग दार का बुजवलं, हे कळत नव्हतं. परीक्षकांसमोर जाऊन काय सांगायचं, की मी चुकले, नमस्कार? सुहासिनीबाईंना धास्ती वाटू लागली. एवढी हौसेने निवडलेली गोष्ट ऐन दारात अडणार की काय?

त्या ट्रॅमने भाजी आणायला चालल्या होत्या. समोर एक कुटुंब बसलं होतं, विमानतळावरून आलेलं असावं. मोठमोठ्या बॅगा, अवघडलेले पाहुणे आणि त्यांना जागा करून देत स्वतः उभा राहिलेला घरचा माणूस. सुहासिनीबाई सहज बघत होत्या आणि त्यांना सांगलीतलं त्यांच्या आत्याचं लग्न आठवलं.

बेळगावहून वऱ्हाड आलं होतं. तेव्हा कार्यालयाला जोडून खोल्या नसायच्या. जानवसाला, म्हणजे नवऱ्याकडच्या मंडळींना उतरायला, घर द्यायचं. आजोबांनी आपलं राहतं घर मोकळं करून वऱ्हाडाला दिलं आणि घरची सगळी मंडळी शेजारच्या चुलतआजोबांकडे राहायला गेली. दोन्ही घरांच्या मध्ये एक दार होतं. पाहुण्यांना मोकळेपणा वाटावा म्हणून आईने त्या दाराला कपाट लावून ते बंद केलं होतं. लहानग्या सुहासिनीला तिकडे जायची सक्त मनाई होती. पण परसातून ताटं, तपेली, गरम पाणी यांची ये-जा दिवसभर चालूच होती.

दार बंद केलं होतं, कारण पाहुणा मोठा होता. आणि घरचे सगळे भिंतीच्या या बाजूला एकत्र होते.

सुहासिनीबाईंचा स्टॉप मागे गेला. त्या शेवटच्या स्टॉपपर्यंत तशाच बसून राहिल्या.

प्रेझेंटेशनला घरच्यांना बसायची मुभा होती. वरदा मँचेस्टरहून आली. नीना म्हणाली, मी माझं किचन बघायला येणार. तिला घेऊन कोण येणार, ते तिने सांगितलं नाही आणि सुहासिनीबाईंनी विचारलं नाही. मिलिंदराव आदल्या दिवशीपर्यंत म्हणत होते, मला इटलीतलं काय कळतंय. सकाळी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "तुला सोडायला कुणीतरी पाहिजेच ना."

खोली लहान होती. मागच्या रांगेत एका टोकाला मिलिंदराव, दुसऱ्या टोकाला यतीन, मध्ये वरदा आणि नीना. समोर दोन परीक्षक, एक वयस्क इंग्रज प्रोफेसर आणि दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या इटालियन बाई. त्या बाईंचा चेहरा पेरोलमध्ये येणाऱ्या युनियनच्या माणसासारखा होता. आधीच नाराज.

सुहासिनीबाईंनी पहिली स्लाइड लावली. शीर्षक तेच होतं, फक्त 'फारकत' या शब्दावर काट मारलेली होती.

"मी तुम्हाला हा सारांश पाठवला तेव्हा माझी खात्री होती," त्या म्हणाल्या. "आता नाही. मी कुठे चुकले ते आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यातून निघतं."

मग त्यांनी सांगितलं. माझ्या मुलखात भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी होते. म्हणून मी दुसरी चूल शोधायला गेले. ती नाही. मग त्यांनी माळ्याचा नकाशा लावला, धुराडं दाखवलं, हौद दाखवला, वरचं उघडं दार दाखवलं, खालच्या बुजवलेल्या दाराची पातळ भिंत दाखवली. वाचन कुणी केलं तेही नावानिशी सांगितलं. मागे बसलेल्या नीनाने मान खाली घातली आणि यतीनने तिच्या दंडाला कोपरखळी मारली.

"माझा अंदाज असा आहे, की थोरल्याची चिठ्ठी निघाली की तो आपलं घर पाहुण्याला देऊन भावाकडे राहायला जात असावा. मधलं दार तेवढ्यापुरतं बंद, आणि जेवण वरच्या दारातून दोन्हीकडे. पाहुणा गेला की भिंत पाडायची."

इटालियन बाईंनी पेन खाली ठेवलं. "याला पुरावा?"

"नाही. अजून नाही."

"हा अंदाज तुम्ही कशावरून बांधलात?"

सुहासिनीबाईंनी जानवसाची गोष्ट थोडक्यात सांगितली. प्रोफेसर हसले. बाई हसल्या नाहीत.

"मिसेस ताम्हनकर, घरचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे."

"मान्य आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "अनुभवाने फक्त कुठे शोधायचं ते कळतं. पहिल्यांदा त्यानेच मला चुकीच्या ठिकाणी पाठवलं होतं. दुसऱ्यांदाही पाठवलं असेल. पाहुण्यांच्या तारखा जिनोआच्या दप्तरात असतील आणि नकाशाचा काळ ठरवता येईल. ते दोन्ही जुळलं तर मी बरोबर, नाही जुळलं तर पुन्हा चूक. ते तपासायला मला पुढचं वर्ष पाहिजे आहे."

सुहासिनीबाईंना वाटलं, आपण फारच साधं बोललो. मग त्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

कॉरिडॉरमध्ये वरदाने त्यांचा हात धरला. "आई, तू मस्त बोलली. ती लेडी घाबरट होता."

"घाबरट नाही गं, भीतीदायक," सुहासिनीबाई म्हणाल्या.

दार उघडलं ते इटालियन बाईंनीच. त्यांनी सुहासिनीबाईंना आत घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. पास. दोन अटी आहेत. शीर्षक सोमवारपर्यंत बदलून द्यायचं, काट मारलेलं चालणार नाही. आणि जुनं इटालियन हस्ताक्षर वाचायला शिकायचं, नाहीतर दप्तरात जाऊन उपयोग नाही. "तुमचा अंदाज बहुधा चुकीचा आहे," बाई म्हणाल्या. "पण मी इतकी वर्षं या घरांवर लिहितेय आणि त्या माळ्यावर एकदाही गेले नाही. मला तुमचा प्रबंध वाचायचा आहे."

सुहासिनीबाई बाहेर आल्या तर कॉरिडॉरमध्ये फक्त वरदा आणि नीना. दोघे भाऊ नव्हते. तिघी खाली कारपार्कमध्ये गेल्या, तर लांबूनच आवाज ऐकू आला.

"इथे परमिट लागतं, परमिट! एवढा मोठा बोर्ड वाचता येत नाही?"

"दादा, इतक्या वर्षांनी तू माझ्याशी बोललास, आणि पहिलं वाक्य हे?"

"मग काय दंडाचं तिकीट लागू देऊ? काढ गाडी. माझ्या गाडीशेजारी एक जागा आहे, मी पायाने धरून ठेवलीय."

"गुडघा दुखत असताना?"

"तुला काय करायचंय माझ्या गुडघ्याशी?"

"विचारतोय ना! महिनाभर विचारतोय!"

सुहासिनीबाई दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "मी पास झाले."

मग यतीनने वाकून त्यांना नमस्कार केला, तिथेच, पार्किंगच्या पिवळ्या रेघांवर. मिलिंदराव म्हणाले, "मला माहीत होतं," जे खरं नव्हतं, आणि चष्मा पुसायला घेतला.

"आता घरी चला," ते पुसता पुसता म्हणाले. "यतीन, माझ्या मागोमाग ये. रिंगरोडला रोडवर्क्स आहेत, चुकशील."

"मला रस्ता माहिती आहे, दादा."

"होता. आता बदललाय."

यावर दोघांचा पुन्हा वाद सुरू झाला. सुहासिनीबाईंनी तो चालू दिला आणि त्या यतीनच्या गाडीत पुढे जाऊन बसल्या. नीना मागच्या सीटवरून पुढे वाकली. "वहिनी, ते वरचं दार अजून असेल का हो तिथे? म्हणजे खरंखुरं, जिनोआत?"

"घर आहे अजून. आता फ्लॅट केलेत म्हणे. वरचं काही ठाऊक नाही. उन्हाळ्यात जाऊन बघावं लागेल."

"मी येते. लेसर मेजर आहे माझ्याकडे, भिंतीची जाडी दोन मिनिटांत."

"आणि दार नसलंच तर?"

"तर नसलं," नीना म्हणाली. "मग परत पहिल्यापासून. तुम्हाला सवय झालीय आता."

सुहासिनीबाई खळखळून हसल्या. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं, प्रेझेंटेशनच्या कागदाची कोरी बाजू गुडघ्यावर घेतली आणि यतीन येऊन गाडी सुरू करेपर्यंत नव्या शीर्षकाचे पहिले दोन शब्द लिहिले: 'वरचं दार'.